ब्राउझरची जुनी आवृत्ती: टॅब आणि एक्स्टेन्शन जपण्याची किंमत

चेन्नईच्या दक्षिणेकडील राजीव गांधी सालई, म्हणजे पूर्वीचा जुना महाबलीपुरम रस्ता, शोळिंगनल्लूरच्या चौकात समुद्राकडे जाणाऱ्या फाट्याला मिळतो. २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत शोळिंगनल्लूरची स्वतःची नगरपंचायत होती. तमिळनाडू सरकारच्या एल्कॉट या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे विशेष आर्थिक क्षेत्र येथे उभे राहिले, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल यांसारख्या कंपन्यांची मोठी संकुले आली आणि देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, अभियंते येथे कामाला येऊ लागले. या उद्योगातील कामाचा एक मोठा भाग दुसऱ्यांच्या जुन्या संगणकप्रणाली सांभाळण्याचा आहे. एखाद्या परदेशी बँकेची दहा वर्षांपूर्वीची अंतर्गत प्रणाली तेव्हाच्याच ब्राउझरमध्ये नीट उघडत असेल, तर तो ब्राउझरही जपावा लागतो. येथे जुनी आवृत्ती ठेवणे हे पगारी काम आहे, आणि त्याला शिस्त आहे.

घरच्या संगणकावर हेच काम शिस्तीविना होते. एके दिवशी ब्राउझर आपोआप अद्ययावत होतो. ज्या एक्स्टेन्शनवर रोजचे काम चालते ते करड्या रंगात निष्क्रिय दिसू लागते, टॅबची पट्टी बदललेली असते आणि उघडून ठेवलेली साठ-सत्तर पाने कुठे गेली याचा शोध सुरू होतो. मग जुनी आवृत्ती शोधून बसवली जाते आणि अपडेट कायमचे बंद केले जातात. हा राग पुष्कळदा रास्त असतो. मात्र ज्या गोष्टी वाचवण्यासाठी हे केले जाते, त्या बहुधा वाचत नाहीत.

मराठी वाचकांना या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येकाचा स्वतःचा फाँट होता आणि तो पानासोबत उतरवून दाखवण्याची सोय मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोररपुरती होती. फायरफॉक्समध्ये तीच पाने रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखी दिसत. त्यावर तोडगा म्हणून ‘पद्मा’ नावाचे फायरफॉक्स एक्स्टेन्शन निघाले. ते अशा फाँटमधील भारतीय भाषांचा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलत असे. एका छोट्या एक्स्टेन्शनसाठी संपूर्ण ब्राउझर निवडण्याचे आणि मग तोच धरून ठेवण्याचे हे एक चांगले उदाहरण होय. पुढे वृत्तपत्रे युनिकोडकडे वळली आणि गरजच उरली नाही. सर्वच बाबतीत इतके सोपे झाले नाही.

एक्स्टेन्शन बंद का पडतात

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्या दिवसापासून जुन्या घडणीची सर्व एक्स्टेन्शन नव्या ब्राउझरमध्ये निकामी ठरली. तोपर्यंत फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन ब्राउझरच्या थेट अंतर्भागात हात घालू शकत असे. मेनू, टॅबची पट्टी, बुकमार्क, सारे काही बदलता येई. ‘टॅब मिक्स प्लस’ हे त्या स्वातंत्र्याचे फळ होते. टॅब कुठे उघडावा, बंद झाल्यावर कोणत्या टॅबवर जावे, पट्टी किती ओळींची असावी, हे सारे त्यात ठरवता येत असे. पण त्याच कारणाने एखादे सदोष एक्स्टेन्शन संपूर्ण ब्राउझर बंद पाडू शकत होते, आणि टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवण्याचे मोझिलाचे काम अडून राहिले होते. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनला ठरावीक दारांतूनच आत येता येते. सुरक्षितता वाढली, स्वातंत्र्य आटले. टॅब मिक्स प्लसच्या चाहत्यांनी फायरफॉक्स ५२ ची दीर्घ साहाय्याची आवृत्ती धरून ठेवली. तिची मुदत सप्टेंबर २०१८ मध्ये संपली. काहीजण पेल मून किंवा वॉटरफॉक्सकडे गेले.

गूगल क्रोममध्ये असाच बदल अलीकडे झाला. एक्स्टेन्शनने आपली ओळख आणि हवे असलेले अधिकार सांगणारी जी नोंद द्यावी लागते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीत जाहिरात रोखणारे एक्स्टेन्शन पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवू शकत होते. तिसऱ्या आवृत्तीत त्याने नियमांची यादी ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे, अशी रचना आहे. ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन या रचनेत पूर्ण बसत नाही. त्याचा ‘लाइट’ नावाचा हलका अवतार काढावा लागला. क्रोमने २०२४ च्या उत्तरार्धात जुनी एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत कंपन्यांना दिलेली सवलतही काढून घेतली. मोझिलाने मात्र फायरफॉक्समध्ये दोन्ही पद्धती चालू ठेवण्याचे जाहीर केले. यूब्लॉक ओरिजिनसाठी क्रोमची जुनी आवृत्ती जपण्यापेक्षा फायरफॉक्सची नवी आवृत्ती घेणे हा कितीतरी बरा मार्ग होता, पण सवय सोडणे आवृत्ती सोडण्याहून कठीण असते.

चेन्नई परिसरात मुख्यालय असलेल्या झोहो कंपनीने मे २०२३ मध्ये ‘उला’ हा ब्राउझर आणला. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या भारतीय वेब ब्राउझर स्पर्धेत झोहोच्या चमूला पहिले पारितोषिक मिळाले. हा ब्राउझरही क्रोमियम या खुल्या संहितेवर उभा आहे. मायक्रोसॉफ्ट एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांचाही पाया तोच. या पायात गूगलने केलेला मोठा बदल टाळायचा, तर प्रत्येक कंपनीला तेवढा भाग स्वतः सांभाळावा लागतो. म्हणून क्रोमवर नाराज होऊन दुसरा ब्राउझर घेताना त्याचा पाया कोणता, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

न बदललेली आवृत्तीही बदलते

जुन्या आवृत्तीच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद असा असतो की, जे चालते आहे त्याला हात लावला नाही तर ते चालतच राहील. कपाटातल्या पुस्तकाबाबत हे खरे आहे. ब्राउझरबाबत नाही, कारण त्याचे काम ज्यांवर अवलंबून आहे अशा अनेक गोष्टी त्या संगणकाबाहेर असतात आणि त्यांना मुदत असते.

याचा प्रत्यय ४ मे २०१९ रोजी आला. फायरफॉक्समधील एक्स्टेन्शन खरे आहे की बनावट, हे ज्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या साखळीवरून तपासले जाते, तिच्यातील मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी उलटली. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. कोणी काहीही बदललेले नसताना जगभरच्या फायरफॉक्समधील एक्स्टेन्शन निष्क्रिय झाली. ही चूक सर्वस्वी मोझिलाची होती. तिने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती दिली आणि जुन्या आवृत्त्यांसाठीही नंतर स्वतंत्र उपाय काढले. पण ज्यांनी अपडेट बंद करून ठेवले होते, त्यांना ते उपाय स्वतः शोधावे लागले.

दुसरी घटना अपघाताने घडलेली नव्हती. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाच्या मूळ प्रमाणपत्राचीच मुदत संपली. फायरफॉक्स १२८ पूर्वीच्या, तसेच दीर्घ साहाय्याच्या शाखेत ११५.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांना याचा फटका बसणार, असा इशारा मोझिलाने आधीच दिला होता. या आवृत्त्यांत एक्स्टेन्शन बंद पडू शकतील आणि संरक्षित चित्रफितीही चालणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. एक्स्टेन्शन वाचावे म्हणून जपलेली आवृत्ती एक्स्टेन्शनलाच मुकावी, ही विसंगती येथे पुरती उघड होते.

संकेतस्थळांच्या बाबतीतही हेच घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेची साखळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राला जोडलेली होती, त्याची मुदत संपली. वर्षानुवर्षे अद्ययावत न झालेल्या अनेक उपकरणांवर त्यानंतर असंख्य संकेतस्थळे असुरक्षित म्हणून नाकारली जाऊ लागली.

हे झाले गैरसोयीचे. धोका याहून गंभीर असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराचे वाचन करणाऱ्या संहितेत एक त्रुटी आढळली. खास तयार केलेले एक चित्र पानावर दिसले, एवढ्यानेही आक्रमणकर्त्याला संधी मिळू शकत होती. कोणत्याही दुव्यावर टिचकी मारण्याची किंवा फाइल उतरवण्याची गरज नव्हती. ही संहिता क्रोम, फायरफॉक्स आणि इतर कित्येक प्रणालींत समाईक होती. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्सची १२ सप्टेंबरला. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्तीसोबत दीर्घ साहाय्याच्या ११५ आणि १०२ या शाखांनाही तीच दुरुस्ती देण्यात आली. मध्येच कुठेतरी थांबवलेल्या, उदाहरणार्थ ११० व्या आवृत्तीला काहीच मिळाले नाही. त्रुटी प्रसिद्ध झाली की तिची माहिती सर्वांना मिळते, आक्रमणकर्त्यांनाही. म्हणून भारताची संगणक आपत्कालीन प्रतिसाद संस्था, सर्ट-इन, ब्राउझरविषयीच्या सूचनांत अद्ययावत आवृत्ती घेण्यास सांगते.

जुनेपणाची दोन रूपे

वेबपीच्या उदाहरणातून एक महत्त्वाचा फरक स्पष्ट होतो. नव्या सुविधा नकोत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्यात, ही मागणी अवाजवी नाही आणि तिची सोयही उपलब्ध आहे. फायरफॉक्सने जानेवारी २०१२ मध्ये, १० व्या आवृत्तीपासून, दीर्घ साहाय्याची शाखा सुरू केली. या शाखेतील आवृत्तीचे रूप साधारण वर्षभर बदलत नाही, मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित मिळतात. ही शाखा मुख्यतः कार्यालये आणि शिक्षणसंस्थांसाठी असली, तरी कोणालाही ती मोफत उतरवता येते. क्रोमने सप्टेंबर २०२१ मध्ये, ९४ व्या आवृत्तीपासून, नेहमीचे चक्र चार आठवड्यांवर आणले आणि संस्थांसाठी आठ आठवड्यांची वेगळी शाखा ठेवली.

ज्यांचा संगणकच जुना आहे त्यांचा प्रश्न निराळा आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ होती, ती जानेवारी २०२३ मध्ये आली. फायरफॉक्सने विंडोज ७ आणि ८ साठी ११५ ही दीर्घ साहाय्याची आवृत्ती राखून ठेवली. तिची मूळ मुदत सप्टेंबर २०२४ होती, पण ती पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. तमिळनाडूत हा प्रश्न याआधीही येऊन गेला आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचे साहाय्य संपले, तेव्हा राज्य सरकारने आपल्या विभागांना सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेल्या ‘बॉस’ लिनक्सकडे वळण्यास सांगितले होते. शोळिंगनल्लूरचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारणाऱ्या एल्कॉटने तर २००६ ते २००८ या काळात, सी. उमाशंकर व्यवस्थापकीय संचालक असताना, आपल्या कार्यालयातील संगणकांवर विंडोजऐवजी सुसे लिनक्स आणले होते. जुन्या यंत्रावर नवा ब्राउझर हवा असेल, तर लिनक्स हा मार्ग आजही विचारात घेण्याजोगा आहे.

सरकारी कामकाजानेही जुन्या आवृत्त्यांना दीर्घायुष्य दिले, हे येथे नोंदवणे भाग आहे. ई-निविदा भरणारे कंत्राटदार आणि सनदी लेखापाल यांना डिजिटल स्वाक्षरीसाठी यूएसबी टोकन वापरावे लागते. बराच काळ ही स्वाक्षरी ब्राउझरमधील जावा प्लगइनद्वारे होत असे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये अशी प्लगइन पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. त्यानंतर अनेक कार्यालयांत एक संगणक केवळ निविदेसाठी जुना ब्राउझर घेऊन बसलेला असे. पुढे वस्तू व सेवा कर आणि प्राप्तिकर यांच्या संकेतस्थळांनी ब्राउझरबाहेर चालणाऱ्या ‘एमसायनर’सारख्या छोट्या प्रणालीचा मार्ग स्वीकारला. इंटरनेट एक्सप्लोरर ११ हे मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले, पण एज ब्राउझरमध्ये त्याच्या पद्धतीने पान उघडण्याची सोय ठेवली आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे सांगितले. एखादे जुने कार्यालयीन पान उघडणे एवढीच गरज असेल, तर संपूर्ण जुना ब्राउझर बसवण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

टॅबचे ओझे

जुनी आवृत्ती हलकी असते, हा एक रूढ समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ब्राउझर जुना राहिला तरी संकेतस्थळे जुनी राहत नाहीत. त्यांची पाने वर्षागणिक जड होत गेली आणि ते वजन जुन्या ब्राउझरलाच पेलावे लागते. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने टॅब स्वतंत्र प्रक्रियांमध्ये चालवण्यास सुरुवात केली. एक पान अडकले तर बाकीची वाचू लागली, पण स्मृतीचा खर्च वाढला. तो आटोक्यात आणण्याचे उपाय नव्या आवृत्त्यांतच आहेत. विंडोजवर स्मृती कमी पडू लागली की न वापरलेले टॅब आपोआप उतरवून ठेवण्याची सोय फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०२१ च्या ९३ व्या आवृत्तीत आली. क्रोमची स्मृती वाचवण्याची सुविधा डिसेंबर २०२२ पासून येऊ लागली. उतरवलेला टॅब पट्टीवर दिसतो, त्यावर गेले की पान पुन्हा उघडते.

हे काम पूर्वी एक्स्टेन्शनकडे होते, आणि त्यातील एकाची कहाणी सांगण्यासारखी आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे एक्स्टेन्शन वापरात नसलेले टॅब निद्रिस्त करत असे. त्याचे वीस लाखांहून अधिक वापरकर्ते होते. जून २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याला विकले. वापरकर्त्यांच्या संगणकावर नाव तेच राहिले, चिन्ह तेच राहिले, मालक बदलला. पुढील काही महिन्यांत त्यात संशयास्पद संहिता असल्याच्या तक्रारी आल्या आणि ४ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने ते घातक ठरवून दुकानातून काढले, तसेच वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. ज्यांचे शंभर-दीडशे टॅब त्याच्या ताब्यात निद्रिस्त होते, त्यांचे ते सर्व एका क्षणात नाहीसे झाले. इतिहासात शिल्लक राहिलेल्या लांबलचक पत्त्यांतून मूळ पत्ता हाताने कापून काढत अनेकांना आपली पाने परत मिळवावी लागली.

एक्स्टेन्शन अद्ययावत ठेवले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला बनावट ईमेलने फसवण्यात आले आणि ऐन नाताळात तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती अपडेट म्हणून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. सुमारे एका दिवसात ती मागे घेण्यात आली. अशा प्रकारांपासून बचावाचा एकच साधा मार्ग आहे, तो म्हणजे एक्स्टेन्शन मोजकी ठेवणे. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ हा अधिकार मागणाऱ्या एक्स्टेन्शनला बँकेचे पानही दिसते, हे विसरले जाते. ज्या कामासाठी एक्स्टेन्शन घेतले होते ते काम ब्राउझर स्वतः करू लागला असेल, तर ते काढून टाकणे इष्ट. टॅबचे गट हे याचे उदाहरण. फायरफॉक्सने २०११ मध्ये ही सोय दिली, मार्च २०१६ मध्ये काढून घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये १३८ व्या आवृत्तीत पुन्हा आणली. मधली नऊ वर्षे वापरकर्ते एक्स्टेन्शनवर विसंबून होते.

मागे जाण्यापूर्वी

तरीही एखाद्या कामासाठी जुनी आवृत्ती अपरिहार्य असेल, तर ती रोजच्या ब्राउझरच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी ठेवावी. चाचणी करणारे अभियंते हेच करतात. जुना ब्राउझर आभासी संगणकात बंदिस्त असतो, त्यातून ठरलेले एकच पान उघडले जाते आणि काम झाले की तो बंद होतो. घरी आभासी संगणक शक्य नसेल, तर निदान वेगळे प्रोफाइल असावे. प्रोफाइल म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि उघडे टॅब यांची नोंद असलेला फोल्डर. नवी आवृत्ती या फोल्डरची मांडणी बदलते आणि ती जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स याबाबत थेट अटकाव करतो. नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडू पाहिले, तर तो नवे प्रोफाइल तयार करण्यास सांगतो. पुष्कळांना या क्षणी आपला सारा संग्रह पुसला गेला असे वाटते. तो पुसलेला नसतो, जुन्या फोल्डरमध्ये तसाच असतो. मात्र मागे जाण्यापूर्वी ब्राउझर पूर्ण बंद करून त्या फोल्डरची प्रत काढून ठेवली, तरच परतीची वाट खात्रीची राहते. जुन्या ब्राउझरमध्ये बँकेचे व्यवहार करू नयेत आणि पासवर्ड साठवू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

उघडे टॅब ही माहिती साठवण्याची सर्वांत कच्ची जागा आहे. सर्व टॅब एकाच वेळी बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय क्रोम आणि फायरफॉक्स दोहोंत आहे, आणि ते बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येतात. एक्स्टेन्शनच्या मांडण्या त्यात येत नाहीत. त्या ज्या त्या एक्स्टेन्शनमधूनच काढाव्या लागतात. पण पत्ते आणि शीर्षके सुरक्षित राहतात, आणि ती फाइल जुना-नवा कोणताही ब्राउझर वाचतो. संपादकात उघडून पाहिली, तर तिच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचे नाव लिहिलेले दिसते. त्या ब्राउझरचे साहाय्य १ मार्च २००८ रोजी थांबले. त्याने ठरवलेला बुकमार्कचा साचा अद्याप वापरात आहे.